उत्तर: नोटेच्या कडेच्या रेघा

कडेच्या तिरक्या रेघा नुसती नक्षी असेल, असं वर कुणीतरी म्हटलंय. नाही हो, त्या अंधांसाठी आहेत. नव्या शंभरला ४ रेघा, पाचशेला ५. दोनशेलाही ४च, पण मध्ये दोन गोल. छपाई उठावाची, म्हणून बोटाला लागतात. सोलापुरात आमच्या चादरीच्या दुकानात एक अंध काका येतात, कडेवरून अंगठा फिरवून नोट ओळखतात. झिजलेली नोट मात्र त्यांनाही चकवते. मी आपला नोटेतला सुरक्षा धागा बघतो: नोट तिरपी केली की हिरव्याचा निळा होतो. आणि नंबरात चांदणी दिसली तर घाबरू नका, छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली ती खरीच नोट. गड्ड्याच्या (आमच्या सोलापूरच्या जत्रेच्या) गर्दीत एवढं बघायला सवड कुणाला, ते सोडा.