टॉर्क : पीळ, आघूर्ण की परिबल? आणि ‘हवेचा दाब’ म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न : हवेवर चालणाऱ्या छोट्या टर्बाइनच्या माहितीपुस्तिकेत ‘हवेचा दाब वाढवला की टॉर्क वाढतो’ असं वाक्य आहे. मराठीत ‘दाब वाढला की पीळ वाढतो’ चालेल का?

प्रतिसाद : ‘पीळ’ नको. पीळ हा परिणाम आहे, टॉर्क (फिरवणारा जोर) हे कारण. शाफ्टचं एक टोक घट्ट धरून दुसऱ्या टोकाला टॉर्क लावला तर शाफ्टला पीळ बसतो. मोकळा सोडला तर तोच टॉर्क त्याला फिरवतो. ‘बल आघूर्ण’ आणि ‘परिबल’ दोन्ही रूढ आहेत. मला ‘परिबल’ सुटसुटीत वाटतो, पण ‘निरूढी परिबल’ (मोमेंट ऑफ इनर्शिया) ही वेगळीच राशी असल्याने गोंधळ होतो. म्हणून पहिल्यांदा ‘टॉर्क (परिबल)’ लिहा, पुढे नुसता ‘टॉर्क’. एकक न्यूटन-मीटर. मिती तीच असली तरी इथे ज्यूल लिहू नये.

प्रतिसाद : शब्द ठरला, पण मूळ वाक्यच अर्धवट आहे. दाबाला दिशा नसते, टॉर्कला असते. नोझलमध्ये दाब खर्च होऊन हवेला वेग येतो. पात्यांवरून जाताना त्या वेगाचा परिघाच्या दिशेचा भाग जेवढा बदलतो, त्यावर टॉर्क ठरतो :

टॉर्क = दर सेकंदाला जाणारी हवा × त्रिज्या × परिघीय वेगातला बदल

०.०२ किलो प्रति सेकंद × ०.०४ मीटर × ३०० मीटर प्रति सेकंद = ०.२४ न्यूटन-मीटर. नोझलच्या आतला निरपेक्ष दाब (निर्वातापासून मोजलेला, म्हणजे वातावरणाचा दाबही धरून) बाहेरच्या १.८९ पटींहून जास्त झाला की गळ्यातला, म्हणजे नोझलच्या सर्वांत अरुंद भागातला, वेग ध्वनिवेगावर अडतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेसाठी सुमारे ३१३ मीटर प्रति सेकंद. त्यापुढे दाब वाढवून गळ्यातला वेग वाढत नाही, हवेचं वस्तुमान मात्र वाढत जातं.

प्रतिसाद : आणि ते वाढतं निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात! गेजवर ६ बार म्हणजे निरपेक्ष ७. गेज ५ वर आला तर हवा ७ वरून ६ वर, म्हणजे सुमारे १४ टक्के कमी. टॉर्कही साधारण तेवढाच. सरकत्या पात्यांच्या एअर मोटरमध्ये हवा पात्यांना थेट रेटते आणि मागे वातावरणाचा दाब असतो, तिथे गेजचा आकडा धरावा : ६ वरून ५, सुमारे १७ टक्के. पुस्तिकेत ‘मापी दाब’ (गेजवर दिसणारा) की ‘निरपेक्ष दाब’ हे लिहिलंच पाहिजे.

प्रतिसाद : दाब *कुठला* याइतकंच *कुठे मोजलेला* हेही महत्त्वाचं. कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा गेज ६ दाखवतो, पण बारीक होज, झटपट जोडणीचा कपलर आणि तुंबलेला फिल्टर यांत १ बार सहज जातो. टर्बाइनच्या तोंडाशी टी-जोड लावून, हवा चालू असताना वाचावं. हवा बंद असताना प्रवाहच नसतो, त्यामुळे वाटेत दाब किती पडतो ते कळत नाही.

दुसरं, शाफ्ट जाम असताना टॉर्क सर्वाधिक, भार नसताना पूर्ण वेगात उपयोगी टॉर्क शून्य. सर्वाधिक शक्ती साधारण निम्म्या वेगाला. वेग न सांगता दिलेला टॉर्क निरुपयोगी.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘ठरावीक वेगाला, टर्बाइनच्या प्रवेशाशी हवा चालू असताना मोजलेला मापी दाब ५ वरून ६ बार केल्यास टॉर्क (परिबल) सुमारे सहाव्या हिश्श्याने वाढतो.’

प्रतिसाद : बरोबर. ६ वरून ७ निरपेक्ष, म्हणजे सहावा हिस्साच.