जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी
आजोबांच्या कपड्यांना सारखे पातळ शौचाचे डाग लागतात, म्हणून कुणी जुलाब थांबवायची गोळी सुचवली असेल, तर ती कृपया इतक्यात देऊ नका. सारखे पातळ डाग लागतात, पण धड शौचाला होत नाही आणि पोट टम्म असतं, तेव्हा बऱ्याचदा गुदाशयात (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात) मळाचा कडक खडा अडकलेला असतो. त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. गोळीने हा खडा आणखी घट्ट बसतो. त्याचा दाब मूत्राशयावर आला की लघवीही ठिबकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ‘कपडे ओले होतात’ म्हणून घरचेच म्हाताऱ्यांचं पाणी तोडतात, मग खडा होणारच!

डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात, दोन मिनिटांचं काम. आधी एनिमाने खडा काढायचा, मग मळ मऊ ठेवणारं औषध. इसबगोल त्याआधी नको, अडकलेल्यात भरच पडते. नंतर रोज न्याहारीनंतर २०-३० मिनिटांनी कमोडवर बसवा, पायाखाली पाट ठेवून. उलट्या होत असतील किंवा लघवी तुंबली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.