मुंबईच्या रस्त्यांवर स्पोर्ट्स कारला 20 इंची चाकं हवीतच कशाला?

परळकर
गाडी पोर्शे 718 केमन, साधी, जास्त ताकदीची एस नव्हे. पुढच्या उजव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलाय आणि रिमला बाक. मागच्या दोन्ही टायरांची नक्षी संपत आली आहे. चारही बदलायचे आहेत, आणि माझं मत पक्कं आहे: जादा पैसे मोजून घेतलेली 20 इंची चाकं उतरवायची आणि याच गाडीचं मूळ 18 इंची माप बसवायचं.

आत्ता पुढे 235/35 आणि मागे 265/35 आहेत (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत). 18 इंचीत तेच 235/45 आणि 265/45 होतात. रुंदी तीच. पण 235 चे 35 टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये 82 मिमी उंचीची कड, तर 45 टक्के म्हणजे जवळजवळ 106. अख्ख्या चाकाचा व्यास मात्र पुढे चार मिमीनेही बदलत नाही, मागे तर दोनच मिमी. स्पीडोमीटर, एबीएस सगळं जागच्या जागी. खड्ड्याचा मार मात्र रिमऐवजी रबर खातं. पेव्हर ब्लॉक टाकून बुजवलेला खड्डा पहिल्या जोराच्या पावसात उघडा पडतो आणि त्याची धार सुरीसारखी लागते. उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्यावर दात आवळून किती दिवस बसायचं?

बोरिवली_एक्सप्रेस
साफ असहमत. मग केमन घेतलीच कशाला? इंजिन सीटच्या पाठीमागे गाडीच्या मध्यात, पुढचं नाक हलकं, स्टिअरिंग हलवताक्षणी गाडी वळते, हीच तर या गाडीची खरी मजा. टायरची कड उंच झाली की ती आधी लवते आणि मग गाडी वळते. ज्याला हे जाणवतं त्याला रोज जाणवतं. शिवाय रस्ते काही 2015 चे राहिलेले नाहीत. कोस्टल रोड झाला, अटल सेतू झाला, गल्लीबोळांतही काँक्रीट पडतंय. आणि खोल खड्डा 18 इंचीलाही सोडत नाही.

परळकर
कोस्टल रोडवर मर्यादा 80 ची, बोगद्यात आणि वळणांवर 60. अटल सेतूवर 100. या वेगांत कड किती लवते हे मुद्दाम शोधावं लागेल, खड्डा मात्र शोधावा लागत नाही. काँक्रीटचं म्हणाल तर अर्धा रस्ता झालेला आणि अर्धा खोदलेला, मधे वीतभर पायरी. ती पायरी चढतानाच रिम जाते.

मुलुंड_चेकनाका
मधला मार्ग आहे ना. रिम 20 च ठेवा, पुढे फक्त 35 ऐवजी 40 ची कड घ्या. खर्चही वाचेल.

कुर्ला_टायरवाला
हे कृपा करून करू नका. 235/40 आर 20 घेतला की पुढचं चाक 672 वरून 696 मिमीवर जातं, म्हणजे साडेतीन टक्के मोठं, मागच्या 693 च्याही वर. गाडीचा कंट्रोल युनिट पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यावरून घसरण ओळखतो, त्याचा हिशेबच चुकतो. वर पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर मडगार्डच्या अस्तराला घासायची भीती. माप बदलायचं तर पुढचं-मागचं जोडीने, आणि कंपनीने त्या गाडीला मान्य केलेलंच. ऑफसेटही (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) कंपनीचाच हवा. एस असेल तर मुळात 19 पासूनच सुरुवात आहे, हेही वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

धंद्यातला माणूस म्हणून परळकरांच्या बाजूने एक मुद्दा जोडतो. टायरवरचा आकडा वाचा. 20 इंची पुढच्यावर बहुधा 88वाय असेल, म्हणजे एका टायरला 560 किलो. 18 इंचीवर 94वाय, म्हणजे 670 किलो. वेगाची अक्षरखूण (वाय) तीच, ताशी 300 किमीची, पण आत हवा जास्त मावते म्हणून तो जास्त पेलतो. फुगा येतो तो रिम आणि रस्ता यांच्यात कड चेंगरून आतले धागे तुटल्यावर. असा टायर दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी देऊ नका.

अडचण मालाची आहे. जून 2020 पासून नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागतो, तेव्हापासून पोर्शेची एन खूण (पोर्शेने तो टायर मान्य केल्याची) असलेलं हवं ते माप हवं तेव्हा मिळेलच असं नाही. आधी चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे मिळतात का ते बघा, मगच रिमा घ्या. तारखेचे चार आकडेही तपासा: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा.

दादर_पश्चिम
तुम्ही इंचावर भांडताय, मला पावसाची काळजी आहे. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. 18 घेतले तरी मागे 265 च राहणार, म्हणजे त्या बाबतीत मिळालं काहीच नाही. कायद्याने 1.6 मिमी नक्षी चालते, पण तेवढ्यावर जुलैत या गाडीला हायवेवर नेणं मला मान्य नाही. 3 मिमीला आले की बदला, माप कुठलंही असो. आणि "थोडे रुंद घेऊ" म्हणून 245-275 कडे तर जाऊच नका.

बोरिवली_एक्सप्रेस
पावसाचं पटलं. मग दोन संच का नकोत? जून ते ऑक्टोबर 18, पुढे 20. गाडी गाडीसारखी चालेल आणि पावसाळाही निभेल.

परळकर
चार चाकं ठेवायची कुठे? सोसायटी पार्किंगमध्ये खोकंही ठेवू देत नाही, गच्चीवर उन्हात ठेवली तर रबर तडकतं. वर प्रत्येक बदलाला बॅलन्सिंग, आणि डॅशबोर्डवरच्या हवेच्या मेनूत माप बदलून टाकायचं, नाहीतर हवेचे इशारे चुकीचे. स्पेअर तर या गाडीला नाहीच, डिकीत फक्त पंक्चरचं औषध आणि पंप. कड फाटली की दोन्ही निरुपयोगी. म्हणून मला वर्षभर चालेल असं एकच माप हवंय.

बोरिवली_एक्सप्रेस
बसवा तर मग. पण आधी कुणाच्या तरी 18 इंची केमनमध्ये बसून लोणावळ्याचा घाट एकदा उतरा. तरीही 18 च आवडली तर तुमची 20 ची रिम मी घेतो. बाकवाली सोडून.

कुर्ला_टायरवाला
एकच रिम बाकाची आहे असं धरून चालू नका. चारही बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, आतल्या बाजूचा बाक बाहेरून दिसत नाही.