पाणी ओलं असतं का? (विज्ञान नको, मराठी सांगा)

तिरपी_मात्रा: चौथीच्या विज्ञानाच्या कृतिपत्रिकांचं इंग्रजीवरून मराठी करते आहे. त्यात एक प्रश्न आहे, पाणी ओलं असतं का, कारणासह लिही. मी जसाच्या तसा लिहिला. संपादकबाईंनी शेजारी लाल पेनने लिहिलं, 'असं कोण बोलतं?' मोठ्याने वाचून पाहिलं. खरंच कोणी बोलत नाही. पण का बोलत नाही हे मला त्यांना सांगता येईना. 'भिजलेलं' करून पाहिलं, ते आणखीच विनोदी. 'दमट' तर हवा असते. सुचवा काहीतरी, गुरुवारपर्यंत द्यायचं आहे.

कढीपत्ता: बाईंचं बरोबर आहे. ज्याला कोरडं होता येतं त्यालाच ओलं म्हणायचं. टॉवेल, केस, भिंत. कोरडं पाणी पाहिलंय कुणी?

जुनी_पायरी: फरशी पुसली की आई ओरडायची, 'पाणी वाळेपर्यंत पाय ठेवू नका!' जे वाळतं ते आधी ओलं असणारच.

कढीपत्ता: वाळते ती फरशी. पाणी निघून जातं. विहिरीचं पाणी वाळलं म्हणता का? आटलं म्हणता.

जुनी_पायरी: आणि डोळ्यांतलं? सुकतं ना?

कढीपत्ता: ते कवितेत.

सोलकढी: तुमचा घोळ इथेच होतोय. ओलं-कोरडं ही एक जोडी आणि ओलं-सुकं ही दुसरी. आमच्या कोकणात दुसरीच जास्त चालते. ओलं खोबरं, ओले काजू, ओले बोंबील. ओल्या काजूला पाणी कुठे लागलेलं असतं? चीक लागलेला असतो, सोलणाऱ्या बायकांचे हात बघा एकदा. बोंबील बांबूवर वाळत घातला की सुका, तोवर ओला. फडक्याने टिपून घेतला तरी ओलाच. म्हणजे ओलं म्हणजे 'पाणी लागलेलं' नव्हे, 'अजून न सुकवलेलं'. भिजलेला नारळ आणि ओला नारळ यांतला फरक पोरालाही कळतो.

पांदण: वऱ्हाडात शेताला पाणी देण्याला ओलीत म्हणतो आम्ही. ओलिताचं वावर वैशाखात भेगाळलं तरी ओलिताचंच. पेरणीआधी आजोबा मातीत बोट खुपसून ओल बघायचे. पाण्यात बोट घालून 'ओल आहे' म्हटलं असतं तर त्यांनी मलाच घरी पाठवलं असतं.

जुनी_पायरी: तुकोबांचं 'ओलें मूळ भेदी खडकाचें अंग' आठवलं. तिथेही ओलं म्हणजे जिवंत. ओली जखम, ओली बाळंतीण तशीच.

बाराखडी: संस्कृत आर्द्र. प्राकृतात त्याची ओल्ल, उल्ल, अल्ल अशी रूपं झाली, 12व्या शतकात हेमचंद्राने व्याकरणात नोंदलीत. आणि आर्द्रक म्हणजे आपलं आलं! आलं आणि ओलं सख्खी भावंडं. वाळवलं की आल्याची सुंठ होते, म्हणजे सोलकढी म्हणतात ते आल्याच्या नावातच आहे. ओढा, ओहोळ, ओघळ, ओंजळ हीसुद्धा याच घरातली, असं माझं मत.

कढीपत्ता: आल्यापर्यंत ठीक होतं. ओंजळ अंजलीवरून आली, तिला कशाला ओलं करता? 'ओ' दिसला की तुम्ही सोयरीक जुळवता.

बाराखडी: मत म्हटलंय मी, सिद्धान्त नाही.

घटपट: मराठीत मिळत नसेल तर न्यायशास्त्रात बघा, कोर्टातल्या नव्हे, जुन्या तर्काच्या. 'तर्कसंग्रहा'त अन्नंभट्टाने पाण्याचं लक्षण दिलंय, 'शीतस्पर्शवत्य आपः'. गार लागतं ते पाणी. ओलं म्हटलेलंच नाही. त्याशिवाय पाण्याचा एक गुण दिलाय, स्नेह, ज्यामुळे पिठाचा गोळा होतो. आणि तो फक्त पाण्यातच असतो.

सोलकढी: मग बेसनाचे लाडू काय पाण्याने वळतात? तूप घालतो आम्ही.

घटपट: ही शंका नैयायिकांनाही आली होती हो ताई. तेलातला स्नेह हा त्यातल्या पाण्याच्या अंशाचाच, असं उत्तर दिलंय.

सोलकढी: तुपात पाणी निघालं तर मी तूपवाल्याला परत करते.

निवृत्त_खडू: विज्ञान नको म्हटलंत, तरी थोडं चालवून घ्या, तीस वर्षं शिकवलंय. ओलं करणं हा दोघांमधला व्यवहार आहे. तेच पाणी हाताला ओलं करतं आणि अळूच्या पानावरून मोत्यासारखं घरंगळतं. पारा काच ओली करत नाही. म्हणून एकट्या पाण्याला ओलं म्हणणं म्हणजे एकट्या माणसाला शेजारी म्हणणं. दुसरं, आपल्या कातडीत ओलेपणा ओळखणारी वेगळी यंत्रणाच नाही. गारवा आणि दाब यांवरून मेंदू अंदाज बांधतो. जुलैत गॅलरीतले कपडे ओले आहेत की नुसते गार, हे हात लावून कळत नाही ते यामुळे.

घटपट: शीतस्पर्श! अन्नंभट्ट बरोबर निघाला.

निवृत्त_खडू: उकळत्या पाण्यात बोट घालून मग सांगा.

जुनी_पायरी: कपड्यांचं अगदी खरं. आमच्याकडे ते गालाला लावून बघायची पद्धत होती.

पांदण: एक विचारू? मग 'ओला कचरा' कुठल्या जोडीतला? आमच्या सोसायटीत रोज भांडण. वाळून खडंग झालेली अंड्याची टरफलं ओल्यात, आणि दूध ठिबकणारी पिशवी सुक्यात.

कढीपत्ता: वाईट भाषांतर, दुसरं काय. 'विघटनशील कचरा' म्हणायला हवं.

सोलकढी: कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना सांगून बघा 'विघटनशील'. त्यांनी 'ओला' म्हटल्यावर चौथ्या मजल्यावरच्या आजींनाही कळतं. आणि भाषांतर कसलं, कुजतं ते ओलं, बोंबलाचाच नियम आहे.

कढीपत्ता: शब्द कोणाला कळतो यावर ठरायला लागला तर उद्या 'वेट वेस्ट'च म्हणा. तो कळतोच सगळ्यांना.

जुनी_पायरी: 'ओला दुष्काळ'ही मग बदलणार का? पिकं कुजून गेलेल्या माणसाला 'अतिवृष्टीजन्य पीकहानी' म्हणून दाखवा.

पांदण: तो मात्र कोणी बदलू नये.

तिरपी_मात्रा: सगळ्यांचे आभार, पण माझी कृतिपत्रिका तशीच आहे. 'पाण्याला ओलं म्हणता येईल का?' असं केलं तर? 'म्हणता येईल' घातल्यावर निदान तो भाषेचा प्रश्न होतो.

निवृत्त_खडू: छान. फक्त उत्तरासाठी चार ओळींऐवजी पान सोडा.

कढीपत्ता: माझी हरकत कायम.

सोलकढी: ते राहू दे. नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात? आमच्याकडे ती दोन्ही बादल्यांतून परत आली आहे.

बाराखडी: करवंटी म्हणजे कर आणि वाटी...

कढीपत्ता: नको.