क्रॉसबोवाल्यांवर धनुष्यवाल्यांचा एवढा राग का?

नवखा_विस्कॉन्सिनकर:

विस्कॉन्सिनला येऊन चार वर्षं झाली. आमच्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहतात. जन्मभर गाईम्हशींत, म्हणजे इथे फक्त गाईंत, गेलेला माणूस. सप्टेंबर उजाडला की गॅरेजचं दार वर आणि टेबलावर क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप असलेलं आडवं धनुष्य. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगतात, "हे आलं म्हणून मी अजून रानात जातोय." त्यांचा मुलगा कंपाउंड धनुष्यवाला (टोकांना कप्प्या असलेलं, हाताने ओढायचं धनुष्य). बापासमोरच म्हणतो, "ती दोरी लावलेली बंदूक आहे, तिला आमच्या हंगामात जागा नको." गेल्या रविवारी दोघांची चांगलीच जुंपली. मी मधे उभा, हातात त्यांनीच दिलेला कॉफीचा मग.

मला यंदा परवाना काढायचाय. शिकारीचा अनुभव शून्य. प्रश्न दोन. हा वाद नक्की कशावरून आहे? आणि माझ्यासारख्याने क्रॉसबो घ्यावा का?

ता.क. आजोबांच्या डाव्या अंगठ्याचं टोक नाही. विचारलं तर "दोरीने नेलं" म्हणून हसतात. हे खरं असतं का?

लाकडी_धनुष्य:

मुलाचं बरोबर आहे. हरीण वीस यार्डांवर आलेलं असताना, त्याच्या डोळ्यांदेखत हात हलवून दोरी मागे ओढायची, यातच सगळी परीक्षा. माझी निम्मी हरणं त्या एका हालचालीपायी निसटली आहेत. क्रॉसबोवाला सकाळी सहाला ताणून ठेवतो आणि नऊला चाप ओढतो. मधे काय केलं? बसला. धनुष्याने मारलेल्या मोठ्या जनावरांची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब क्रॉसबोने मारलेलं जनावर आपल्या नोंदीत घेत नाही ते उगीच नाही. ऑरेगनमध्ये तर शिकारीला क्रॉसबो चालतच नाही.

मचाणावरून:

मी वीस वर्षं कंपाउंड चालवला. मग उजवा खांदा गेला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरने साठ पौंड ओढायचं विसरा म्हणून सांगितलं. गेले सहा हंगाम क्रॉसबो. तेव्हा दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लंय, थोडं सविस्तर लिहितो.

आधी वादाचं. लाकडी_धनुष्य म्हणतात ती गोष्ट खोटी नाही. कंपाउंडवाल्यालासुद्धा कप्प्यांमुळे ओढून झाल्यावर बोटांवर दहा-पंधरा पौंडच धरावे लागतात, पण ओढावं त्यालाच लागतं, आणि तेही ऐन वेळी. क्रॉसबोत ती पायरीच नाही. पण भांडणाचं मूळ तिथे नाही हो. मूळ आहे हंगामात. इथे बाणांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो, बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास जेमतेम नऊ दिवस. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माद्यांच्या मागे खुळे होऊन भर दिवसा फिरतात, आणि ते दिवस इतकी वर्षं फक्त धनुष्यवाल्यांचे होते. क्रॉसबो तेव्हा वयस्कर नाहीतर अपंग शिकाऱ्यांपुरता होता. २०१४ पासून तो सगळ्यांना खुला झाला, वेगळ्या परवान्यावर. पुढे काही वर्षांतच क्रॉसबोने पडणारी हरणं उभ्या धनुष्याच्या पुढे गेली. म्हणजे ज्याच्या अंगणात दोघंच बसायचे तिथे आता सहा जण बसले. राग त्याचा आहे. हत्याराचं निमित्त.

बाजूने बोलणाऱ्यांतही दोन जाती आहेत हे ध्यानात घ्या. एक तुमच्या शेजाऱ्यांसारखे: खांदा गेलाय, पाठ गेलीय, पण ऑक्टोबरची पहाट सोडवत नाही. किंवा ज्यांची लेक बारा वर्षांची आहे आणि चाळीस पौंड ओढू शकत नाही. ते आणखी एक सांगतात की शिकारी म्हातारे होत चाललेत, नवे फारसे येत नाहीत, आणि रानाची देखभाल चालते ती परवान्यांच्या पैशावर आणि धनुष्यांवरच्या ११ टक्के केंद्रीय करावर (१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यात धनुष्यं सत्तरच्या दशकात आली). ओहायोत हे ऐंशीच्या दशकापासून चालू आहे आणि तिथली हरणं काही संपली नाहीत. हे सगळं मला पटतं.

दुसरी जात वेगाची. "चारशे फूट सेकंदाला! ऐंशी यार्डांवर गोळी!" ही मंडळी बोलायला लागली की मी उठून जातो. का, ते सांगतो.

पहिल्याच वर्षी मीही त्या वेगाला भुललो होतो. नवा क्रॉसबो, वर दुर्बीण, अंगणातल्या नेमाच्या ठोकळ्यावर पन्नास यार्डांवरून बोल्टला (क्रॉसबोचा आखूड बाण) बोल्ट चिकटत होता. ऑक्टोबरच्या संध्याकाळी मका कापलेल्या शेताच्या कडेला एक मादी आली. अंतरमापकात ५२. उभी, आडवी, निवांत. चाप ओढला. आता हिशोब बघा: ५२ यार्ड म्हणजे १५६ फूट. बोल्टला तिथे पोचायला साडेचार दशांश सेकंदाच्या आसपास लागतात. दोरीचा आवाज मात्र दीड दशांशात पोचतो. उरलेले तीन दशांश सेकंद हरणाचे. कधी ते उडी घ्यायला खाली दबतं आणि बोल्ट पाठीवरून जातो. माझी दबली नाही, नुसतं एक पाऊल पुढे टाकलं. फुप्फुसावर धरलेला नेम पोटात गेला.

बोल्ट पलीकडे मातीत रुतलेला सापडला. हिरवट, चिकट, वास असा की सांगायला नको. फुप्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, अर्ध्या तासाने माग काढायला निघालं तरी चालतं. यकृताचं काळपट लाल असतं, त्याला चार-सहा तास द्यावे लागतात. हिरवं दिसलं की घरी जायचं आणि रात्र काढायची, कारण मागे लागलात तर ती मैलभर जाऊन मरते आणि कधीच सापडत नाही. मी घरी गेलो. झोप लागली नाही. सकाळी ओढ्यापाशी सापडली, पण कायोटी (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) आधी पोचले होते. मागचा भाग उरला नव्हता. बायकोने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर माझी हद्द ३५ यार्ड. कंपाउंडवर तीसच होती. म्हणजे इतक्या महाग यंत्राने मला मिळाले पाच यार्ड आणि शाबूत खांदा. तेवढं पुरे आहे.

अंगठ्याचं: अगदी खरं असतं. बोल्ट ज्या रुळावर ठेवतात त्यावरून दोरी सरळ पुढे जाते. पुढच्या मुठीवर डाव्या हाताचा अंगठा सवयीने रुळाच्या वर उभा राहिला तर दोरी विचारत नाही.

अहिंसावादी_पण_भांडखोर_नाही:

शस्त्र कुठलं यावर एवढा काथ्याकूट, आणि मारायचंच कशाला हा प्रश्न कोणीच विचारत नाही?

मचाणावरून:

विचारतात, माझी आईच दर फोनला विचारते. तिला जे सांगतो तेच सांगतो: इथे लांडगे राज्याच्या उत्तरेला आणि मधल्या जंगलपट्ट्यात आहेत, आमच्या दक्षिणेकडच्या शेतपट्ट्यात नाहीत. हरणांवर अंकुश दोघांचाच, शिकारी आणि मोटारी. तिला पटत नाही. तुम्हालाही पटेलच असं नाही.

नवखा_विस्कॉन्सिनकर:

मनापासून आभार. मग सुरुवात कुठून करू?

मचाणावरून:

शिकारीचं शिक्षण आधी. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मला असाल तर त्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. क्रॉसबो लगेच विकत घेऊ नका, आजोबांचा चालवून बघा. १७५ पौंडांचा ताण असतो, पण कप्पीची दोरी लावली की निम्मा होतो. ती नीट मधोमध बसली पाहिजे, एका बाजूला जरा सरकली तरी बोल्ट बाजूला जातो. बोल्ट न लावता कधीही चाप ओढू नका, पाती (धनुष्याचे दोन्ही बाजूंचे वाकणारे हात) फुटतात. संध्याकाळी उतरवायचा तर ठोकळ्यात जुना बोल्ट मारून. मचाणावर चढताना हत्यार खाली दोरीला बांधून ठेवायचं, अंगावर पट्टे, वर बसल्यावर ओढून घ्यायचं. आणि बसल्या जागी दोन्ही बाजूंना फिरवून बघा. क्रॉसबोची पाती आडवी उघडतात. माझं एक पातं मचाणाच्या कठड्यावर आपटलं होतं, बोल्ट कुठे गेला ते झाडालाच ठाऊक.

बंदुकीचे नऊ दिवस सुरू झाले की हातात क्रॉसबो असला तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी घालावंच लागतं. आणि जनावर मिळालंच तर खाण्याआधी सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणी करून घ्या. आपल्या राज्यात हा रोग पहिल्यांदा २००२ मध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला सापडला. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, चिठ्ठी लावून.

लाकडी_धनुष्य:

३५ यार्ड म्हणणारा क्रॉसबोवाला पहिल्यांदाच भेटला. ठीक आहे. नोव्हेंबरमध्ये माझ्या ओढ्याकडे मात्र येऊ नका.

नवखा_विस्कॉन्सिनकर:

काल संध्याकाळी आजोबांच्या गॅरेजमागे बारा बोल्ट मारले, वीस यार्डांवरून. आठ ठोकळ्यात, तीन गवतात, एक अजून शोधतोय. मुलगाही आला होता. काही बोलला नाही, पण गवतातले बोल्ट त्यानेच शोधून दिले. आजोबांच्या क्रॉसबोच्या पुढच्या मुठीवर रुळाखाली लाल चिकटपट्टीची एक रेघ आहे. प्रत्येक वेळी चापावर बोट नेण्याआधी ते माझा अंगठा त्या रेघेच्या खाली आहे का ते वाकून बघत होते. बाराही वेळा.