दारावर आलेले कारागीर आणि फसवणूक : आपापले अनुभव लिहावेत

ओसरी :
गेल्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून "भांडी व दागिने उजळून देणाऱ्यांना घरात घेऊ नये" अशी सूचना झाली आणि मला मोठ्या आईच्या पाटल्या आठवल्या. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर गल्लीत म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच उरतात. अशाच एका दुपारी नीटनेटक्या कपड्यांतले दोन तरुण आले. पैसे नकोत, कंपनीची पावडर दाखवायची आहे, असे सांगून त्यांनी प्रथम पितळी तांब्या लखलखीत केला, मग नातीचे पैंजण उजळून दिले आणि मोठ्या आईचा विश्वास बसल्यावर हातातल्या पाटल्या मागितल्या. तिने पुढे केलेला स्टीलचा डबा नाकारून त्यांनी पिशवीतून स्वतःचा प्लास्टिकचा डबा काढला, त्यात हळदीचे पाणी आणि बाटलीतला द्रव ओतला व पाटल्या बुडवल्या. पाटल्या परत मिळाल्या, त्याही पिवळ्याधमक. डब्यातले पाणी मात्र "विषारी आहे, जनावर प्यायले तर मरेल" असे म्हणून त्यांनी थेंबही न सांडता बाटलीत भरून नेले. पुढे लग्नसराईत सराफाने वजन केले तेव्हा पाटल्या पावतीपेक्षा बऱ्याच हलक्या भरल्या. आपण त्या दोघांना चहा करून पाजला, याचा मोठ्या आईला सोन्याहून अधिक राग होता.

खडूफळा :
ते आम्लराज असावे. दहावीला मी दरवर्षी शिकवतो. सांद्र हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग आणि सांद्र नायट्रिक आम्ल एक भाग यांचे ताजे मिश्रण सोने विरघळवते, जे दोहोंपैकी एकट्याला जमत नाही. ते स्टीलही खाते, म्हणून तुमचा डबा नाकारला. विरघळलेले सोने द्रवातून पुन्हा वेगळे काढता येते, म्हणून पाणी सोबत नेले. हळद कशासाठी, तर द्रावणाचा मूळचा पिवळेपणा कोणाच्या ध्यानात येऊ नये यासाठी, असा माझा तर्क आहे. प्रयोग करून दाखवा, असा हट्ट विद्यार्थी धरतात. मी त्यांना आधी घरून पाटली आणायला सांगतो.

पांढरकवडेकर :
सर, ती पाटली आणणारा विद्यार्थी सापडला की कळवावे.

सातबारा :
आमच्याकडे मे महिन्यात मोटारसायकलवरून चोरबीटी, म्हणजे मान्यता नसलेले कपाशीचे बियाणे, येते. तणनाशक फवारले तरी कपाशीला काही होत नाही, निंदणाची मजुरी वाचेल, असे सांगून लोक घरपोच पाकिटे देतात. पावती मागितली की "आपल्या माणसाला कसली पावती" असे उत्तर मिळते. देशात लागवडीसाठी मान्यता आहे ती बोलगार्ड दोन या बोंडअळीरोधक बीटी कपाशीपर्यंतच्या वाणांना, आणि ती २००६ पासूनची आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला अशी मान्यता मिळालेली नाही, त्यामुळे त्या पाकिटात काय भरले आहे याची जबाबदारी कोणावरच नसते. आमच्या शेजाऱ्यांचे बियाणे निम्मेही उगवले नाही. तक्रारीसाठी पंचायत समितीत गेले तर पहिला प्रश्न पावती आणि पाकिटावरच्या लॉट क्रमांकाचा. मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, म्हणून लोकांना मी दोष देत नाही; परंतु ज्याचे दुकान कोठे आहे हे ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर हंगाम लावणे मला पटत नाही.

धानपट्टा :
भंडारा जिल्ह्यातून लिहितो आहे. आमच्या वस्तीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक इसम "गॅसची सक्तीची तपासणी" म्हणत आला आणि चांगल्या नळ्या कापून नव्या लावून पैसे घेऊ लागला. शेजारच्या वहिनींनी त्याला फक्त आमचा ग्राहक क्रमांक सांगा, असे म्हटले, आणि त्याला तो सांगता आला नाही. गॅसच्या पुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर त्यांनी तेथल्या तेथे एजन्सीला फोन लावला, तेव्हा तो पिशवी विसरून निघून गेला. पिशवीत नळ्याच नळ्या होत्या.

निंबाची सावली :
मोठ्या आई आता कशा आहेत? हल्ली दारात कोणाला उभे करतात का?

ओसरी :
ठणठणीत आहेत, ताई. परवा पोलिओच्या डोससाठी आलेल्या आशाताईंनाही त्यांनी आधी नाव, गाव आणि माहेर विचारले. माहेर ओळखीचे निघाल्यामुळे चहा मिळाला.

गावकामगार :
पोलीस पाटील म्हणून काम करतो, त्यामुळे थोडे वेगळे लिहितो. अशा गोष्टी मोबाइलवर फिरू लागल्या की दुसऱ्याच दिवशी लोक काठ्या घेऊन बसतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून पोट भरण्यासाठी आलेले लोक होते. आपल्याकडेही घिसाडी, पाथरवट, बहुरूपी, केसांवर भांडी देणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि त्यांच्यावाचून विळ्याला धार लागत नाही. आमच्या गावात आलेल्या प्रत्येक फिरत्या कारागिराचे नाव, गाव व गाडीचा क्रमांक वहीत लिहून घेतला जातो आणि मगच तो गल्लीत फिरतो. प्रामाणिक माणूस आनंदाने नाव सांगतो, उलट ओळख झाल्याने त्याला कामही अधिक मिळते. ज्याला घाई असते तो वही पाहूनच पुढच्या गावाची वाट धरतो. तरीही संशय आलाच तर ११२ वर फोन करावा आणि अंगाला हात लावू नये. फसवणुकीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली नोंदवला जातो, लोक मात्र अजून चारसोबीसच म्हणतात.

वेचणी :
पाटील, वही आमच्याकडेही सुरू करायला हवी, कारण आमचा चोर कारागीर नसून व्यापारी आहे. दारासमोर गाडी लावून कापूस मोजणाऱ्याच्या खिशात रिमोट असतो आणि बटण दाबले की काटा क्विंटलमागे काही किलो गिळतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये आहे. त्या हिशेबाने क्विंटलमागे पाच किलोची मार म्हणजे चारशेहून अधिक रुपये, आणि गाडीत पंधरा-वीस क्विंटल सहज भरतो.

पांढरकवडेकर :
मग काटा खरा की खोटा हे ओळखायचे कसे? व्यापारी तर शिक्का दाखवतो.

वेचणी :
इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी फेरतपासणी व्हावी लागते, म्हणून शिक्क्याचे साल आधी पाहावे. पण रिमोट शिक्क्यानंतरही बसवता येतो. आम्ही युरियाची गोणी काट्यावर चढवतो, ती ४५ किलोची असते. गोणी मात्र न फोडलेली हवी आणि सुरुवातीला न चढवता मोजणी निम्मी झाल्यावर, काही न सांगता मध्येच चढवावी, कारण पहिल्या वजनाला काटा नेहमी खराच बोलतो.