सूट दोघांनाही आहे

'शिक्षणाचे नियम फक्त मदरशांना, वेदपाठशाळांना मोकळं रान' असं काही जण म्हणतात, ते कायद्यापुरतं तरी बरोबर नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यात मदरसे आणि वेदपाठशाळा एकाच वाक्यात कायद्याबाहेर ठेवल्यात. माझ्या मते चूक तिथेच झाली. आठवीपर्यंत गणित-भाषा शिकवा, बाकी दिवसभर काय शिकवायचं ते शिकवा, एवढं सांगायला काय हरकत होती? उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही साधारण हेच म्हटलं: संस्था चालवण्याचा हक्क तुमचा, पण शिक्षणाच्या दर्जासाठी सरकार नियम करू शकतं.

माझा मावसभाऊ पाचवीनंतर पाठशाळेत गेला. वेदाची संहिता तोंडपाठ, स्वर एक इकडचा तिकडे होणार नाही. एकोणिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून (म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून) दहावीला बसला तेव्हा अपूर्णांकांच्या बेरजेपासून सुरुवात. मी शिकवायला बसायचो. छेद सारखा का करायचा हे समजावताना तो एकदा म्हणाला, "दादा, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही रे." गणितात काठावर सुटला. (इंग्रजीचं विचारू नका.)